पणजोबांच्या टेबलावरचे फाटके कातडे: काय ठेवायचे, काय बदलायचे आणि कसे

प्रश्न साताऱ्याहून आला आहे. पणजोबा वकील होते. त्यांचे १९१५ च्या सुमाराचे सागवानी टेबल घरात आहे. दोन्ही बाजूंना खण, वर साधारण चार फूट बाय दोन फुटांच्या खाचेत बसवलेले हिरवे कातडे आणि भोवती तीन इंचांची लाकडी चौकट. कातडे मधोमध फाटले आहे, कोपरे उचलले गेले आहेत, वरून हात फिरवला की विटकरी पूड लागते. सुतार म्हणतो, वरून सनमायका मारून टाकू. पॉलिशवाला म्हणतो, सगळे घासून मेलामाइनचे कडक, चकचकीत पॉलिश करू. घरातल्यांचे मत रेक्झिन लावून वर काच टाकावी असे आहे. भाऊ न्यू जर्सीला असतो आणि पुढेमागे त्याला हे टेबल तिकडे न्यायचे आहे. काय करावे?

आधी सुतार, पॉलिशवाला आणि घरचे, तिघांनाही थांबवा. तुमच्या टेबलाचे कातडे बदलता येईल, आणि वर्णनावरून ते बदलावेच लागेल असे दिसते. पण या तिन्ही सल्ल्यांनी टेबलाचे जे नुकसान होईल ते पुन्हा कुणालाच भरून काढता येणार नाही.

अशा टेबलावरचे कातडे मुळात झिजण्यासाठीच बसवलेले असते. टाकाची पोलादी निब कडक लाकडावर अडखळते, कागदाला भोक पाडते. खाली थोडे दबणारे, मऊ काहीतरी हवे म्हणून लाकडात खाच करून त्यात कातडे किंवा बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, बसवत. ते खराब झाले की काढून नवे लावायचे, अशीच त्याची रचना आहे. तुमच्याकडचे हिरवे कातडे पहिलेच असेल असेही नाही. त्यामुळे कातडे बदलल्याने टेबलाचे जुनेपण जात नाही. ते जाते भोवतालची चौकट घासल्याने आणि चुकीच्या गोंदाने. म्हणून या कामात मी एकच नियम धरून चालतो: आज आपण जे चिकटवू ते पन्नास वर्षांनी येणाऱ्या कारागिराला कोमट पाण्याने सोडवता आले पाहिजे. पुढचे सगळे सांगणे या नियमातूनच येते.

वर जे आहे ते कातडेच आहे ना, हे पहिल्यांदा बघा. उचललेल्या कोपऱ्याखाली उलटी बाजू दिसेल. ती लवदार, तंतूंची असेल तर कातडे. विणलेले कापड दिसले तर ते रेक्झिन, म्हणजे कापडावर लेप दिलेला जुना नकली माल. खाली तागाचे जाड कापड आणि वर कडक, एकसंध थर असेल तर लिनोलियम. फ्रेडरिक वॉल्टनने १८६३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांपासून ते बनते. १९३० च्या दशकातल्या मुंबईच्या आर्ट डेको धाटणीच्या टेबलांवर ते सापडले तर नवल वाटायला नको. लिनोलियम चांगल्या स्थितीत असेल तर ते काढून कातडे लावू नका. त्या टेबलाचे ते मूळचेच रूप आहे. हिरवे लोकरी कापड असेल तर बनात. तिच्याबद्दल पुढे दोन शब्द आहेत.

तुम्ही सांगता त्या विटकरी पुडीवरून मात्र ते कातडेच आहे, यात मला शंका नाही. झाडांच्या साली-फळांनी कमावलेल्या जुन्या कातड्याला हा रोग होतो. हवेतला गंधकाचा धूर कातड्यात मुरतो, त्याचे आम्ल बनते आणि तंतू तुटत जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या ग्रंथालयांत पुस्तकांची कातडी बांधणी अशीच भुगा होऊ लागली, तेव्हा तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सने एक समिती नेमली. तिचा अहवाल १९०५ साली प्रसिद्ध झाला. कुठल्या झाडाच्या रसाने कातडे कमावले यावर त्याचे आयुष्य ठरते, हे त्यात स्पष्ट झाले. ही माहिती नवे कातडे निवडताना कामाला येईल.

पूड पडणाऱ्या कातड्याला पाणी अजिबात लावू नका. ओल्या फडक्याने पुसले की ते काळे पडते, लाकडासारखे कडक होते आणि मग काहीच करता येत नाही. कातडे नुसते मळलेले किंवा रंग उडालेले असेल, फक्त कडा सुटल्या असतील, तर ते बदलूही नये. सुटलेल्या कडेखाली घट्ट खळ (गव्हाच्या चिकाची; कृती पुढे आहे) भरून, वर मेणकागद आणि फळी ठेवून दाबून घ्यावे. शाईचे डाग तर मुळीच काढू नयेत. पणजोबांच्या हातून सांडलेली शाई त्या टेबलाच्या इतिहासाचा भाग आहे. पण मधोमध फाटून भुगा पडत असेल, तर ते लिहिण्याच्या उपयोगाचे राहिलेले नाही. ते काढा.

काढण्याआधी फोटो काढा. चारही कोपऱ्यांचे, मधल्या फाटीचे, सोनेरी रेघ असेल तर तिच्या नक्षीचे, शेजारी मोजपट्टी ठेवून. कातड्याचा खरा रंग वरून कळत नाही, कारण उन्हाने आणि हाताच्या तेलाने तो बदललेला असतो. चौकटीच्या कडेखाली दबलेली पट्टी किंवा दौतीच्या स्टँडखालचा तुकडा बघा. बऱ्याचदा आज शेवाळी वाटणारा रंग मुळात गडद बाटलीहिरवा निघतो. जुने कातडे फेकू नका. निदान एक कोपरा आणि रेघेचा एक तुकडा कागदात गुंडाळून खणात ठेवा.

आता चौकट. टेबलाचे निम्मे सौंदर्य त्या तीन इंचांत आहे. शंभर वर्षे मनगटे घासून त्या सागवानाला जी झिलई आली आहे ती कुठल्याही फवाऱ्याने येत नाही. जुने पॉलिश बहुतेक चपड्याचे असते, म्हणजे लाखेचे, स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने चढवलेले. त्याला पाणी लागले की पांढरे पडते, स्पिरिट किंवा थिनर लागले की ते सुटते. म्हणून कामाला हात घालण्याआधी चौकटीवर मधमाशांच्या मेणाचा एक पातळ हात द्या. पुढे खळ सांडली तरी पुसून निघेल. मास्किंग टेप लावू नका. काढताना जुन्या पॉलिशचे पापुद्रे घेऊन येते. पॉलिशवाल्याला करायचेच असेल तर जिथे पॉलिश गेले आहे तेवढ्याच जागी चपड्याचा हात मारू द्या. घासायला काचकागद हातात घेतला की त्याला तिथेच थांबवा.

कातडे उचललेल्या कोपऱ्यापासून काढायला सुरुवात करा. पातळ, बोथट पट्टी जवळजवळ आडवी धरून सरकवत न्या. पूड झालेले कातडे तुकड्यातुकड्यांनी निघेल. खाली जुन्या सरसाचा, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेल्या गोंदाचा, आणि तंतूंचा थर उरतो. त्यावर पाणी ओतायचे नाही. घट्ट खळीचा जाड थर त्या जागी लावून वीस-पंचवीस मिनिटे ठेवा. खळीतला ओलावा सरस मऊ करतो आणि पाणी इकडेतिकडे पळत नाही. मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून घ्या आणि पिळून घेतलेल्या फडक्याने पुसा. आधीच्या कुणी रबरी सोल्यूशनने कातडे चिकटवले असेल तर ते पाण्याला दाद देत नाही. थिनर लागते, आणि थिनर चौकटीच्या पॉलिशवर चढते. अशा टेबलावर तासन्‌तास कापसाच्या बोळ्याने इंच-इंच काम करावे लागते. माझा नियम कुठून आला ते इथे कळेल.

खालची फळी उघडी पडली की दोन-तीन दिवस तशीच सुकू द्या आणि नीट बघा. बारीक भोके आणि त्यांतून पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल तर भुंगा लागलेला आहे. त्याचा बंदोबस्त आधी. भोके जुनी, आतून काळसर असतील तर काळजी नको. फळ्यांच्या सांध्यात चीर असेल तर कातडे त्याच रेघेत फाटलेले दिसेल. नुसते नवे कातडे लावले तर तेही तिथेच फाटेल. अशा चिरेत सागवानाची बारीक पाचर बसवायची, पण सरस एकाच बाजूला लावायचा. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. दोन्हीकडून जखडले की चीर शेजारी नव्या जागी पडते. लहान खड्ड्यांत खडूची भुकटी आणि सरस कालवून केलेला लगदा भरा. गाडीची पुट्टी किंवा एम-सील नको. फळीत खिळ्यांची डोकी वर आलेली असतील तर ती आत ठोकून त्यांवर चपड्याचे दोन हात द्या. कमावलेल्या ओल्या कातड्याला लोखंड लागले की निळे-काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. याच कारणाने कातडे ओले असताना साधी लोखंडी पट्टीही त्यावर ठेवू नये.

फळी सपाट झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. खोली अंधारी करून टॉर्च फळीला टेकवून आडवा मारा. एक मिलिमीटर जाडीच्या कातड्याखाली वाळूचा कणसुद्धा वर फोडासारखा दिसतो.

यानंतर मी फळीवर सरसाचे पातळ पाणी मारतो, म्हणजे लाकूड नंतरची खळ पिऊन टाकत नाही. ते सुकले की हातकागदाचे अस्तर लावतो. पुण्याच्या शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तसला सुती चिंध्यांपासून केलेला कागद या कामाला उत्तम. कागद खळीने फळीवर चिकटवायचा, कडेला दोन मिलिमीटर जागा सोडून. फायदा दुहेरी. लाकडातला तेलकटपणा कातड्यापर्यंत येत नाही; आणि पुढे कधी कातडे काढायची वेळ आली तर कागद मधून सुटतो, लाकडाला इजा होत नाही. शिवाय खाचेची खोली जास्त असेल तर अस्तराचे दोन थर देऊन ती हवी तेवढी भरून काढता येते. व्हर्नियर या बारीक माप घेणाऱ्या पट्टीने खाचेची खोली पाच-सहा ठिकाणी मोजा. कातडे बसल्यावर ते चौकटीच्या बरोबरीला किंवा केसभर खाली असावे. वर आले तर कडा हाताला लागून उचलत राहते.

कातड्याची निवड ही खर्चाचीही बाब आहे आणि सर्वांत जास्त फसगतही इथेच होते. बाजारात पर्स, जॅकेट, सोफा यांसाठी मिळणारे बहुतेक लेदर क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले असते. ते मऊ, टिकाऊ आणि पाण्याला कणखर असते, पण टेबलासाठी चालत नाही. खळीने ते ताणून बसत नाही, कोपऱ्यात दाबून धार येत नाही आणि त्यावर रेघ उठत नाही. आपल्याला झाडपाल्याने कमावलेले, ज्याला दुकानदार व्हेज टॅन म्हणतात ते हवे. ओळखायची खूण म्हणजे कापलेली कड. क्रोमचा गाभा निळसर-करडा दिसतो, व्हेज टॅनचा तपकिरी. पाण्याचा थेंब टाकला तर व्हेज टॅन लगेच गडद होते.

१९०५ च्या त्या अहवालाचा उपयोग इथे होतो. सालींतून मिळणारे काही रस कातड्याला लवकर रोगी करतात. सुमाक नावाचे झुडूप किंवा आपला हिरडा यांच्या जातीच्या रसांनी कमावलेले कातडे जास्त टिकते. सह्याद्रीतला हिरडा कातडे कमावण्यासाठी परदेशी जात असे, तो उगाच नाही. कोल्हापूरकडे चपलांचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. तमिळनाडूत परंपरेने तरवडाच्या सालीने कमावून शेवटी हिरड्याचा हात देत. चपलेचे कातडे टेबलासाठी फार जाड आणि राठ होते, पण चेन्नईच्या पेरियामेट भागातल्या व्यापाऱ्यांकडे किंवा धारावीत नीट सांगितले तर पातळ व्हेज टॅन मिळते. ते देताना हिरड्याचा हात आहे का, एवढे विचारा. उत्तर देऊ शकणारा दुकानदार माल ओळखणारा असतो.

आकाराचे गणित असे. चार बाय दोन फुटांच्या खाचेला चारही बाजूंनी एकेक इंच जास्त धरून ५० बाय २६ इंचांचा सलग तुकडा हवा. शेळीचे कातडे साधारण चार ते सहा चौरस फुटांचे असते, त्यात हा तुकडा सलग बसत नाही. जुने कारागीर म्हणूनच तीन तुकडे जोडत आणि सांध्यावरून सोनेरी रेघ मारत. तुमच्या जुन्या कातड्यावर आडव्या रेघा असतील तर खाली सांधा आहे का बघा. असेल तर नव्यातही तसेच करायला हरकत नाही. सलगच हवे असेल तर म्हशीच्या पारडाचे किंवा वासराचे कातडे घ्या आणि तुकडा पाठीच्या भागातून कापून घ्या. पोटाकडचे कातडे सैल असते, एकीकडे जास्त ताणते. जाडी ०.९ ते १ मिलिमीटर. जास्त असेल तर तासून घ्या. हे काम यंत्रावरच होते, घरी पटाशीने नको.

रेक्झिनचा प्रश्न याच ओघात संपवतो. आजचे रेक्झिन म्हणजे पीव्हीसी किंवा पीयू. पीयू आपल्या दमट हवेत काही वर्षांत पापुद्रे सोडू लागते. पीव्हीसीतले मऊ ठेवणारे द्रव्य बाहेर झिरपते आणि शेजारचे पॉलिश चिकट करते. आणि ते पाण्याच्या खळीने चिकटत नाही, त्यामुळे रबरी सोल्यूशन आलेच. परवडत नसेल तर रेक्झिनपेक्षा बनात लावा. तीही या टेबलांवर शोभते आणि तितकीच जुन्या चालीची आहे. फक्त शंभर टक्के लोकर घ्या, गोंद कापडाला न लावता लाकडाला लावा आणि तोही घट्ट, म्हणजे वर पाझरणार नाही. कसर लागते, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी ब्रशने झाडत जा.

आता खळ. सगळ्यांत चांगली खळ ज्या गोष्टीपासून होते ती आपल्या घरात कुरडयांच्या दिवसांत असतेच: गव्हाचा चीक. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून फडक्यातून गाळायचे आणि खाली बसलेला पांढरा थर घ्यायचा. मैद्यापेक्षा हा बरा, कारण मैद्यातला चिकट भाग किड्यांना आवडतो आणि खळीत गुठळ्या करतो. फरक एवढाच की आंबूसपणा जाईपर्यंत चीक आणखी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन निवळू द्यायचा. मग एक भाग चीक आणि पाच भाग पाणी, मंद आचेवर, लाकडी उलथन्याने सतत ढवळत. पांढरा रंग जाऊन पारदर्शक चकाकी आली की आणखी दहा मिनिटे. गार झाल्यावर चाळणीतून दाबून काढा. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालतात. कातड्यासाठी ते टाळा, तांबे कातड्याला कालांतराने खाते. लवंग तेलाचे दोन-चार थेंब पुरतात. खळ दोन दिवसांपेक्षा जुनी वापरू नका.

फेविकॉल का नको, असे प्रत्येक जण विचारतो. तो वाईट नाही, सुतारकामाला उत्तमच आहे. पण तो लवकर धरतो, म्हणजे कातडे सरकवून बसवायला वेळ मिळत नाही. वर आला तर डाग राहतो. आणि पूर्ण सुकला की पाण्याने परतत नाही. खळ अर्धा तास हालचाल करू देते.

बसवण्याचे काम दोघांनी करायचे. कातडे उलटे पसरून मागच्या बाजूला खळीचा हात सगळीकडे सारखा द्या आणि सात-आठ मिनिटे थांबा. कातडे खळ पिते, ढिले पडते, किंचित वाढते. मग दुसरा हात द्या, पहिल्यापेक्षा पातळ. अस्तराच्या कागदावरही एक हात. दोघांनी चार कोपरे धरून कातडे खाचेवर आणा, मध्यभाग आधी टेकवा आणि तळहाताने मध्यापासून कडांकडे हवा काढत जा. ओढू नका. ओढून ताणलेले कातडे सुकताना परत आकसते आणि कडेला फट पाडते; या कामात दिसणारी सगळ्यांत मोठी चूक हीच. राहिलेला फुगा सुईने टोचून दाबा. मग हाडाची पट्टी, ती नसेल तर गुळगुळीत केलेली बांबूची पट्टी, खाचेच्या कडेने फिरवून कोपरा नीट आत बसवा, म्हणजे कापायची रेघ स्वतःच उमटेल.

कापायची घाई करू नका. ओले कातडे बरोबर रेघेवर कापले तर सुकल्यावर आखडून चौकटीपासून अर्धा-एक मिलिमीटर दूर जाते. तास-दोन तास थांबा, हाताला गारवा लागेल पण ओल लागणार नाही इतके सुकू द्या. नवे पाते लावलेला कटर आतल्या बाजूला जरासा झुकवून, रेघेच्या केसभर बाहेरून, एकाच ओढीत कापत न्या. उरलेले ते केसभर कातडे पट्टीने खाली दाबले की चौकटीला घट्ट भिडते. मग थोडी खळ बारीक ब्रशने कडेखाली घालून पुन्हा दाबा. चौकटीवर आलेली खळ लगेच ओलसर फडक्याने टिपा.

दोन दिवस तसेच राहू द्या. पंखा नको, ऊन नको, वर वजन तर नकोच. वजनाने कातड्याचे दाणे दबतात आणि चमकदार ठसे राहतात. ऋतूही पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये खळ सुकत नाही आणि बुरशी धरते. एप्रिल-मेमध्ये ती इतक्या झपाट्याने सुकते की कडा उचलतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस साताऱ्याला या कामासाठी उत्तम.

रंगीत कातडे घेतले असेल तर रेघ सोडून काम संपले. नैसर्गिक रंगाचे घेतले असेल तर स्पिरिटमधला रंग फडक्याने गोल-गोल फिरवत तीन-चार पातळ हातांत चढवा. कडेने किंचित गडद ठेवला तर चालतो. मुद्दाम ओरखडे काढून, काळे फासून जुने दाखवण्याचा प्रकार मात्र मला मान्य नाही. नवे कातडे नवे दिसावे, आणि वापराने जुने व्हावे.

सोनेरी रेघेसाठी पुस्तके बांधणाऱ्या जुन्या चालीच्या बाइंडरकडे पितळी फिरकी, म्हणजे रेघ उठवणारे मुठीचे चाक, मिळते का पाहा. कडेपासून अर्धा-पाऊण इंचावर आधी हाडाच्या पट्टीने आखणी करायची, त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा पातळ हात, मग वर्ख, आणि तापवलेली फिरकी एकाच दाबाने सरळ न्यायची. फिरकी ओल्या स्पंजवर टेकवली की हलकासा चर्र आवाज यायला हवा. जोराचा आवाज आला तर कातडे जळेल. कापून उरलेल्या तुकड्यावर हात बसेपर्यंत सराव करा. सोने जमत नसेल तर कातडे किंचित ओलसर करून नुसत्या कोमट फिरकीने बिनसोन्याची रेघ उठवा. ती गडद, शांत दिसते, आणि वकिलाच्या टेबलाला मला तर तीच जास्त शोभते असे वाटते.

शेवटी मेणाचा अगदी पातळ हात, तासाभराने मऊ फडक्याने पुसून. वर्षातून एकदा तेवढेच. खोबरेल तेल, बुटाचे पॉलिश, एरंडेल यांपैकी काही नको; तेलाने कातडे काळवंडते, खळ सुटते. काच टाकू नका. पावसाळ्यात काचेखाली ओल अडकते, कातडे काचेला चिकटते आणि पांढरी बुरशी येते. घरात लहान मुले आहेत म्हणून काच हवीच असेल, तर कोपऱ्यांत आणि कडेने पारदर्शक रबरी बटणे लावून खाली वारा खेळेल इतकी जागा ठेवा. रोज लिहायला बसणार असाल तर कागदाखाली एक जाडसर पॅड ठेवले तरी पुरते.

आता भावाचे. टेबल खरोखरच तिकडे जाणार असेल तर कातड्याचे काम आत्ता करू नका. न्यू जर्सीत हिवाळ्यात घरे महिनोन्‌महिने तापवलेली असतात, आतली हवा फार कोरडी होते. साताऱ्याच्या हवेत बसलेली सागवानी फळी तिथे आकसेल, सांधे उघडतील आणि नवे कातडे त्या ताणाने कडेला सुटेल. टेबलाने तिथे एक अख्खा हिवाळा काढू द्या, मग फळीची डागडुजी करून तिथेच कातडे लावा. कातडे आणि हातकागद इथून बरोबर पाठवता येईल.

पण त्याआधी कायद्याचे बघावे लागेल. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा आहे. त्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू धरली जाऊ शकते आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९१५ चे टेबल वयाने त्या रेषेच्या पलीकडे आहे. घरगुती फर्निचर म्हणून ते पुरावस्तू ठरत नाही, असे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी प्रमाणपत्र घेतल्याशिवाय पॅकिंगवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका. अर्जासोबत फोटो लागतील, आणि ते टेबल आज जसे आहे तसेच, फाटक्या कातड्यासकट काढलेले असावेत.